लट्टलूरपुरवराधीश्वर : एक बिरुद आणि एक घराणें

लातूर हें नांव आज उच्चारलें म्हणजे डाळीची बाजारपेठ, विद्यार्थ्यांचे शिकवणीवर्ग आणि १९९३ सालचा भूकंप यांची आठवण प्रथम होते. परंतु याच गांवाचें नांव एका काळीं दक्षिणेंतील राजांच्या बिरुदांत मिरवत होतें, आणि तें एकदोन पिढ्यांपुरतें नव्हे तर साडेतीन शतकांहून अधिक काळ मिरवत राहिलें, ही गोष्ट खुद्द लातुरांतील सुशिक्षित वाचकांपैकींहि थोड्यांनाच ठाऊक असेल. ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणजे लट्टलूर नामक श्रेष्ठ नगराचा अधिपति. हें बिरुद राष्ट्रकूट घराण्याचें. वेरूळचें कैलास लेणें ज्या घराण्यानें खोदविलें, आणि ज्याच्या राजांस अरब प्रवाशांनीं जगांतील चार मोठ्या राजांत गणिलें, तेंच हें घराणें.

अलीकडे या बिरुदाकडे पुन्हां लक्ष वळूं लागलें आहे व तें योग्यच आहे. परंतु लक्ष वळण्याची रीत मात्र आम्हांस चिंता वाटण्यासारखी दिसते. कोणी या एका शब्दावरून घराण्याची जात ठरवितो, कोणी भाषा ठरवितो, कोणी आपल्या कुलवृत्तांताचें पहिलें पान त्यावर उभारतो. एखाद्या जुन्या वाड्याच्या तुळईवर किती भार टाकावा याचा विचार सुतार आधीं करतो. तसाच विचार बिरुदाच्या बाबतींत अभ्यासकानें करावयास हवा. प्रस्तुत लेखांत या बिरुदाचा इतिहास थोडक्यांत सांगून, तें कशास पुरावा होऊं शकतें आणि कशास होऊं शकत नाहीं, याची छाननी करण्याचा विचार आहे.

प्रथम कालक्रम पाहूं. या घराण्याचा पहिला स्वतंत्र राजा दंतिदुर्ग. बदामीच्या चालुक्यांची सत्ता झुगारून तो आठव्या शतकाच्या मध्यास उदयास आला. त्याचा समानगडचा ताम्रपट शके ६७५ चा, म्हणजे इसवी सन ७५३ चा आहे. त्याच्यामागून त्याचा चुलता पहिला कृष्ण गादीवर आला. कैलास लेण्याचें श्रेय त्याला दिलें जातें. पुढें ध्रुव आणि तिसरा गोविंद यांनीं उत्तरेंत कनोजपर्यंत मजल मारली. गोविंदाचा पुत्र पहिला अमोघवर्ष ८१४ सालीं गादीवर आला व त्यानें साठांहून अधिक वर्षें राज्य केलें. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यांतील कागिना नदीकांठचें मळखेड. आतां लक्षांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, ज्या लेखांत लट्टलूर नगराचें बिरुद ठळकपणें भेटतें ते शिरूर व निलगुंद येथील शिलालेख या अमोघवर्षाच्या कारकीर्दींतले, शके ७८८ म्हणजे इसवी सन ८६६ चे आहेत. समानगडच्या ताम्रपटांत तें नाहीं. म्हणजे राज्य स्थापन होऊन शंभरांहून अधिक वर्षें लोटल्यावर, राजधानी दूर मान्यखेटास स्थिरावल्यावर, घराण्याच्या वैभवाचा सूर्य माथ्यावर असतांना, या राजांस आपल्या मूळ गांवाची आठवण बिरुदांत कोरावीशी वाटली.

हें वर्तन विलक्षण वाटेल, पण तें या एकाच घराण्याचें नाहीं. दक्षिणेंतील मध्ययुगीन राजवंशांत अशा बिरुदांची एक जातच होती. उत्तर कोंकण, दक्षिण कोंकण आणि कोल्हापूर येथें राज्य करणारे शिलाहार स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर. गोव्याचे व हानगलचे कदंब ‘बनवासीपुरवराधीश्वर’ होते. देवगिरीचे यादव तर ‘द्वारावतीपुरवराधीश्वर’. गोदावरीच्या खोऱ्यांत राहून त्यांनीं श्रीकृष्णाच्या द्वारकेवर नांव सांगितलें. हीं उदाहरणें एकत्र ठेविलीं म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या नगराचें स्वामित्व बिरुदांत सांगितलें जातें तेथें बिरुद धारण करणारा राजा बहुधा राहत नाहीं. ठाण्याच्या शिलाहारास तेरवर सत्ता गाजवावयाची नव्हती. आपण कोणी आगंतुक नसून जुन्या व नामांकित नगरांतून आलेले आहों, एवढेंच त्याला आपल्या मांडलिकांस व शेजाऱ्यांस कळवावयाचें होतें. तेर आणि लातूर हीं एकमेकांच्या शेजारचीं गांवें. या दोन्हीं गांवांचीं नांवें दूरदूरच्या राजसभांत भाट गात होते, ही मराठवाड्याच्या इतिहासांतील एक मोठी अर्थपूर्ण बाब आहे.

इंग्लंडांतील उमरावांच्या किताबांशीं याची तुलना केली असतां विषय अधिक उघड होतो. तेथेंहि किताबांतलें गांव आणि घराण्याचें बिऱ्हाड यांची फारकत नित्याचीच आहे. डेव्हनशायरच्या ड्यूकांचें चॅट्सवर्थ हें सुप्रसिद्ध वाडारूपी वैभव डेव्हनशायर परगण्यांत नसून डर्बीशायरमध्यें आहे. नॉरफोकच्या ड्यूकांचें आसन ससेक्समधील अरंडेलच्या किल्ल्यांत. आमच्या मराठवाड्याशीं ज्याचा रक्तरंजित संबंध आला त्या वेलिंग्टनचेंच उदाहरण घ्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं आजच्या जालना जिल्ह्यांतील असई येथें शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशीं लढणारा आर्थर वेलस्ली त्या वेळीं कोणत्याहि गांवाचा उमराव नव्हता. पुढें १८०९ सालीं तो स्पेनच्या मोहिमेवर असतांना त्याला किताब मिळावयाचा झाला, तेव्हां त्याच्या भावानें सॉमरसेटमधील वेलिंग्टन हें गांव, आडनांवाशीं नाद जुळतो म्हणून, निवडलें. खुद्द तें आडनांवहि वंशाचें मूळचें नव्हतें: त्याचे आजोबा रिचर्ड कॉली यांनीं १७२८ सालीं एका आप्ताची इस्टेट वारशानें मिळाल्यावर वेस्ली हें नांव घेतलें, आणि त्याचें वेलस्ली हें रूप आर्थरच्या पिढींत रूढ झालें. एवढ्या उसन्या सामग्रीवर उभा राहिलेला किताब दोनशें वर्षें टिकला आणि आज त्या नादाखेरीज त्या वीराची ओळखच पटत नाहीं.

तथापि या साम्याच्या पोटांत एक मोठा भेद आहे व आमच्या विवेचनास तोच महत्त्वाचा आहे. इंग्लंडांत किताब हा राजाच्या सनदेनें मिळतो. तो कोणाकडे उतरावयाचा याचे नियम त्या सनदेंतच लिहिलेले असतात. वंशावळी व चिन्हें यांची नोंद ठेवणारी संस्था १४८४ सालापासून आहे. आणि वारसाबद्दल वाद उत्पन्न झाला तर उमरावांच्या सभेची समिति साक्षीपुरावा घेत असे. सत्येंद्रप्रसन्न सिन्हा या बंगाली कायदेपंडितास १९१९ सालीं ‘रायपूरचे बॅरन’ ही वंशपरंपरागत पदवी मिळाली. असा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. त्यांच्या मृत्यूनंतर पुत्राचा हक्क समितीपुढें आला, तेव्हां हिंदु विवाहांत त्या काळीं बहुपत्नीत्वास वाव असल्यामुळें अशा विवाहाची संतति इंग्रजी किताबास वारस होऊं शकते कीं नाहीं, याचा १९३९ सालीं रीतसर निर्णय करावा लागला. म्हणजे तेथें किताब हें एक प्रकारचें दिवाणी प्रकरण होतें. राष्ट्रकूटांच्या बिरुदास अशी सनद कोणी दिली नाहीं आणि त्याची तपासणीहि कोणी केली नाहीं. तें रचणारा राजकवि हाच भाट, हाच नोंदणीकामगार आणि हाच न्यायाधीश. यास्तव बिरुदाची परीक्षा कायद्याच्या बुद्धीनें करून भागत नाहीं. ती वाङ्मयाच्या बुद्धीनेंच करावी लागते.

ताम्रपटाची प्रशस्ति हा एक वाङ्मयप्रकार आहे, हें विसरल्यामुळें पुष्कळ घोटाळे झाले आहेत. एका दानपत्रांत सामान्यतः तीन थर असतात. शेवटचा थर दानाचा: गांव कोणतें, त्याच्या चतुःसीमा कोणत्या, दान कोणास, कोणत्या तिथीस. हा भाग व्यवहाराचा असल्यामुळें त्यांत खोटें सहसा खपत नाहीं. शेजारच्या गांवाचा पाटील तें खपूं देणार नाहीं. मधला थर पराक्रमाचा: कोणास जिंकलें, कोणाचें छत्र हिरावलें. येथें अतिशयोक्ति असते, पण शत्रूच्या लेखांशीं ताडून पाहतां येते. पहिला थर वंशाचा व बिरुदांचा. येथें कवीस मोकळें रान असतें. दुर्दैवानें आमचे वाचक, आणि कधीं कधीं आमचे लेखकहि, याच पहिल्या थरावर सर्वांत अधिक विश्वास ठेवतात, कारण तोच वाचावयास सर्वांत गोड असतो.

या पहिल्या थराची वाढ कशी होते हें राष्ट्रकूटांच्या बाबतींत पायरीपायरीनें दाखवितां येतें. दंतिदुर्गाच्या काळीं वंशावळ चारपांच पिढ्यांची आणि साधी आहे. नवव्या शतकापासून यदुवंशाचा उल्लेख डोकावूं लागतो. तिसऱ्या कृष्णाच्या कारकीर्दींतील, शके ८६२ म्हणजे इसवी सन ९४० च्या, वर्ध्याजवळील देवळी येथील ताम्रपटांत तर यदूच्या कुळांत, सात्यकीच्या शाखेंत, रट्ट नांवाचा पुरुष होऊन गेला व त्याच्या पुत्राचें नांव राष्ट्रकूट होतें, अशी संगति लावून दिली आहे. घराण्याचें नांव स्पष्ट करण्यासाठीं त्याच नांवाचा मूळपुरुष कल्पावयाचा, ही युक्ति जगांतील सर्व वंशकारांस ठाऊक आहे. आणि येथें काळाकडेहि पाहावें. देवळीच्या ताम्रपटानंतर अवघ्या तेहतीस वर्षांत, ९७३ सालीं, तैलप चालुक्यानें हें राज्य बुडविलें. जों जों घराणें आपल्या आरंभापासून दूर गेलें तों तों त्याचा आरंभ अधिक प्राचीन होत गेला.

वस्तुतः ‘राष्ट्रकूट’ या शब्दाचा सरळ अर्थ शोधण्यास सात्यकीपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. त्या काळच्या दानपत्रांत ‘ग्रामकूट’ म्हणजे गांवचा मुख्य आणि ‘राष्ट्रकूट’ म्हणजे राष्ट्राचा, अर्थात् प्रांताच्या एका विभागाचा मुख्य, असे अधिकारी भेटतात. म्हणजे आमच्याकडील पाटील आणि देशमुख यांचेच हे पूर्वज म्हणावयाचे. हुद्दा वंशपरंपरेनें चालला म्हणजे तो आडनांव होतो, आणि आडनांवास राज्य लाभलें म्हणजे तें राजवंशाचें नांव होतें. स्कॉटलंडच्या राजाचा कारभारी तो ‘स्टुअर्ड’; हें पद एका घराण्यांत पिढ्यान् पिढ्या राहिलें आणि १३७१ सालीं त्याच घराण्यांतील पुरुष दुसरा रॉबर्ट म्हणून गादीवर बसला, तेव्हां स्टुअर्ट राजवंश जन्मास आला. आमच्या मराठवाड्यांतील ज्या वाचकांच्या घरीं देशमुखी किंवा कुलकर्ण अनेक पिढ्या नांदलें त्यांस या घडामोडीचें मर्म निराळें समजावून सांगावयास नको. यावरून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. हुद्दा अनेकांस असूं शकतो. त्यामुळें राष्ट्रकूट नांवाचीं घराणीं अनेक होतीं. मानपूरचें एक, वऱ्हाडांत अचलपूरकडचें नन्नराजाचें दुसरें, मान्यखेटाचें तिसरें. एकाच आडनांवाचे सर्व देशमुख एकमेकांचे भाऊबंद ठरत नाहींत, तद्वतच ही गोष्ट.

आतां विद्वानांच्या मतांकडे वळूं. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं १८८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या दक्षिणेच्या प्राचीन इतिहासांत राष्ट्रकूट हे बाहेरचे नसून, ज्यांच्या नांवावरून महाराष्ट्र हें देशनाम निघालें त्या रट्ठांपैकींच ते होत, असें प्रतिपादन केलें. फ्लीट यांनीं लट्टलूर हें प्रथम छत्तीसगडांतील रतनपुराशीं जोडून पाहिलें व पुढें आपलें मत बदलून तें लातूर होय असें ठरविलें. बर्नेल यांस या घराण्यांत तेलगू मुलखांतील रेड्डी दिसले. चिंतामणराव वैद्यांस त्यांत मराठे क्षत्रिय दिसले. आणि १९३४ सालीं डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनीं राष्ट्रकूटांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून असें मत मांडलें कीं, हें घराणें मूळचें लातूरचें, मातृभाषेनें कानडी, आणि कांहीं काळ वऱ्हाडांत राहून मग उदयास आलेलें. पन्नास वर्षांत एकच घराणें मराठी, तेलगू आणि कानडी अशा तीन मुलखांचें ठरलें. हें पाहून कोणी हंसेल. परंतु या विद्वानांच्या परिश्रमाविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. स्थळ निश्चित करण्याच्या कामीं त्यांनीं एकमेकांचीं मतें तपासलीं आणि फ्लीटसारख्या पंडितानें स्वतःचें मत सोडून दिलें, हा गुण आजच्या वादांत दुर्मिळ झाला आहे.

या सर्वांत आळतेकरांचा ग्रंथ निःसंशय सरस. राजांच्या मोहिमांबरोबर करपद्धति, ग्रामव्यवस्था, शिक्षण, धर्म यांची त्यांनीं जी मांडणी केली ती पुढील पिढ्यांस पायाभूत ठरली. लट्टलूर म्हणजे लातूर हा त्यांनीं स्वीकारलेला निर्णयहि आम्हांस मान्य आहे. नादाचें साम्य, शेजारच्या तगरपुराच्या बिरुदाचा दाखला आणि या प्रदेशांत आढळणारे त्या घराण्याचे अवशेष यांची संगति तशीच लागते. परंतु गांव ठरलें म्हणजे भाषा ठरली, असें मानणाऱ्या त्यांच्या कित्येक अनुयायांशीं मात्र आमचा मतभेद आहे. घराणें कानडी होतें म्हणून लातूर कानडी मुलखांत होतें, आणि लातूर कानडी मुलखांत होतें म्हणून घराणें कानडी होतें, असें वर्तुळ कित्येक लेखांत रेखाटलेलें आढळतें. याच्या उलट बाजूस, लातूर आज मराठी आहे म्हणून राष्ट्रकूट मराठी, असें म्हणणाऱ्यांचें वर्तुळ तर याहूनहि लहान आहे.

प्रामाणिक पुरावा काय सांगतो? अमोघवर्षाच्या आश्रयास निर्माण झालेल्या ‘कविराजमार्ग’ या ग्रंथांत कानडी देशाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. हा उल्लेख मराठी अभिमान्यांनीं टाळूं नये. त्या हिशेबानें लातूरच काय, नांदेडच्या घाटापर्यंतचा मुलूख तींत येतो. पण त्याच ग्रंथांत ज्या गांवांची कानडी अस्सल म्हणून गौरविली आहे तीं किसुवोळल, कोपण, पुलिगेरे व ओंकुंद, म्हणजे पट्टदकल, कोप्पळ, लक्ष्मेश्वर या बाजूचीं. त्यांत राजघराण्याचें लट्टलूर नाहीं, ही गोष्ट कानडी अभिमान्यांनींहि टाळूं नये. ज्या भाषेच्या गौरवासाठीं ग्रंथ लिहिला तिच्या गाभ्यांत राजाचें मूळ गांव कवीनें बसविलें नाहीं. आणि या दरबारांत एकच भाषा नांदत होती असेंहि नाहीं. जिनसेनाचें ‘आदिपुराण’ आणि महावीराचार्याचा ‘गणितसारसंग्रह’ संस्कृतांत, कानडींत ‘कविराजमार्ग’, आणि दहाव्या शतकांत पुष्पदंतानें मान्यखेटांत बसून आपलें ‘महापुराण’ अपभ्रंशांत रचून ९६५ सालीं पुरें केलें. ज्या अपभ्रंशाच्या कुशींतून आमच्या देशभाषा पुढें आल्या त्याचा एक थोर कवि कानडी मुलखांतील राजधानींत मानानें राहिला! राजांनीं ज्या भेदाचा विचारहि केला नाहीं त्या भेदाची साक्ष देण्यास आपण त्यांस पिंजऱ्यांत उभें करतों.

या वादांस आज जी धार आली आहे तिचें कारण नवव्या शतकांत नसून विसाव्या शतकांत आहे. १९४८ पर्यंत लातूर आणि मळखेड हीं दोन्हीं गांवें एकाच निजामी राज्यांत होतीं. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं भाषावार प्रांतरचना झाली आणि लट्टलूर मुंबई राज्यांत, तर मान्यखेट म्हैसूर राज्यांत गेलें. घराण्याचें माहेर एका बाजूस, सासर दुसऱ्या बाजूस. सरहद्द आंखली गेली ती प्रजेच्या सोयीसाठीं. पण तिच्या दोन्हीं अंगांस राहणाऱ्यांनीं तीच रेघ हजार वर्षें मागें ओढीत नेली, व तिच्या अलीकडे जो सांपडेल तो राजा आपला, असें ठरवूं लागले. इतिहासाची ही वांटणी ज्यांस रुचत नाहीं त्यांनीं लट्टलूरपुरवराधीश्वर या शब्दाची घडण पाहावी. गांवाचें नांव देशी, समास संस्कृत, कोरलेला कानडी मुलखांतल्या शिळेवर. त्याचे तुकडे करून वांटून घेऊं म्हटलें तर कोणाच्याच पदरांत अर्थ पडणार नाहीं.

बिरुदाची उत्तरकथाहि उद्बोधक आहे. ९७३ नंतर राज्य गेलें. चौथा इंद्र ९८२ सालीं श्रवणबेळगोळ येथें सल्लेखना करून देह ठेविता झाला. परंतु बिरुद मेलें नाहीं. बेळगांव जिल्ह्यांतील सौंदत्तीचे रट्ट हे चालुक्यांचे मांडलिक. त्यांनीं आपलें नातें राष्ट्रकूटांशीं सांगितलें, आणि ‘लत्तनूरपुरवराधीश्वर’ असें तें बिरुद किंचित् निराळ्या उच्चारानें तेराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत चालविलें. त्यांच्या वंशसंबंधास त्यांच्या स्वतःच्या शब्दाखेरीज दुसरा आधार नाहीं. याच रट्टांच्या लेखांत आपल्या कुळाचा मूळपुरुष म्हणून ‘कंधारपुरवराधीश्वर’ कृष्णाचा उल्लेख येतो, आणि येथें नांदेड जिल्ह्यांतील कंधार आपल्या कथेंत प्रवेश करतें.

कंधारविषयीं मोठी मौजेची शंका आहे. कन्हर, कन्नर, कंधर हीं कृष्ण या नांवाचींच देशी रूपें. मग कंधार या नगरावरून राजास बिरुद मिळालें, कीं राजाच्या नांवावरून रट्टांच्या कवीनें नगर कल्पिलें? केवळ बिरुदावर विसंबलों असतों तर हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता. सुदैवानें कंधार येथें बिरुदाहून अधिक बळकट साक्षीदार उभे आहेत. तेथें सांपडलेल्या राष्ट्रकूटकालीन शिलालेखांत देवळें, मंडप व ‘जगत्तुंगसमुद्र’ या तलावाचा उल्लेख आहे. प्रचंड क्षेत्रपालमूर्तीचे भग्न अवयव तेथें पडलेले आहेत. आणि त्या तलावाचें पाणी आजहि गांवास दिसतें. जगत्तुंग हें तिसऱ्या गोविंदाचें बिरुद, आणि दुसऱ्या कृष्णाच्या पुत्राचेंहि तेंच नांव. म्हणजे नगर खरें होतें, त्यावर राजघराण्याची कृपाहि खरी होती. आणि ही गोष्ट आपणांस कळली ती रट्टांच्या पोकळ अभिमानावरून नव्हे, तर दगड, दान आणि पाणी यांवरून. आमच्या सर्व विवेचनाचें सार या एका उदाहरणांत आहे.

येथें कोणी विचारील, मग बिरुदाची किंमत शून्यच समजावयाची काय? आमचें म्हणणें तसें मुळींच नाहीं. एक तर, ज्याला वैभवाच्या शिखरावर लट्टलूरचें नांव घ्यावेंसें वाटलें त्याच्या काळीं तें नगर नामांकित असलें पाहिजे. अनोळखी खेड्याचें नांव घेऊन कोणी मोठेपणा मिरवीत नाहीं. लातूरच्या प्राचीनत्वाचा हा आडून मिळणारा, पण म्हणूनच विश्वसनीय पुरावा आहे. दुसरें, बिरुद हें घराणें स्वतःकडे कसें पाहत होतें याची खरी नोंद असतें. त्यांतली हकीकत खोटी ठरली तरी इच्छा खोटी नसते. परदेशी पाहुण्यांनीं हा विवेक आमच्याआधीं दाखविला. ८५१ च्या सुमारास लिहिलेल्या सुलेमान व्यापाऱ्याच्या वृत्तांतांत या राजांस ‘बल्हरा’ म्हटलें आहे. तो शब्द ‘वल्लभराज’ या बिरुदाचा अपभ्रंश. आणि बल्हरा हें एका माणसाचें नांव नसून इराणच्या खुस्रोप्रमाणें त्या गादीवरील सर्व राजांची पदवी आहे, हेंहि त्यांत स्पष्ट केलें आहे. गंमत अशी कीं, हें वल्लभ बिरुद राष्ट्रकूटांनीं ज्यांचें राज्य घेतलें त्या चालुक्यांपासूनच उचललेलें. जेत्यानें जितांचा किताब घालून मिरवावें आणि बगदादपर्यंत त्याची ख्याति जावी, यांतच किताबांचा स्वभाव उघड होतो.

आपल्या देशांत किताबांचा कायदेशीर शेवट झाला त्यास आतां बराच काळ लोटला. हैदराबाद राज्यांतील जहागिरी १९४९ सालीं विलीन झाल्या. १९५० च्या राज्यघटनेच्या अठराव्या कलमानें लष्करी व विद्याविषयक पदव्यांवांचून इतर किताब देण्यास सरकारास बंदी केली. १९७१ सालीं संस्थानिकांची मान्यता व तनखेहि गेले. इंग्लंडांतहि १९९९ सालीं बहुतेक वंशपरंपरागत उमरावांस वरिष्ठ सभेंतून बाहेर पडावें लागलें. परंतु किताब गेले तरी किताबाची भूक जात नाहीं. ती आतां कुलवृत्तांतांतून, जातींच्या इतिहासांतून आणि वेशीवरील फलकांतून भागविली जाते. आपलें कूळ कोणत्या तरी वराधीश्वरापर्यंत पोंचविल्याखेरीज समाधान होत नाहीं. या भुकेला हंसण्यांत अर्थ नाहीं. शतकानुशतकें ज्यांस इतिहासांत स्थान मिळालें नाहीं त्यांस तें हवेंसें वाटणें स्वाभाविक आहे. पण तें स्थान मिळविण्याची वाट चुकीची असेल तर तसें सांगणें हें टीकेचें कर्तव्य आहे.

योग्य वाट आमच्या मतें ताम्रपटाच्या शेवटाकडून सुरू होते. ज्या गांवाचें दान झालें त्याच्या चारी शिवा, तेथला ओढा, वडाचें झाड, शेजारचें गांव, कराचे प्रकार, दान घेणाऱ्याचें गोत्र व मूळ स्थान, या ओळींत आपल्या पूर्वजांचा खरा निवास आहे. ते तेथें नांवानें नसले तरी कामानें आहेत. लातूरच्या व नांदेडच्या महाविद्यालयांतील तरुण अभ्यासकांनीं राष्ट्रकूटांच्या दानपत्रांतील गांवें आजच्या नकाशावर एकेक करून बसविलीं, शेतांत आणि पारावर पडलेल्या शिळांचे ठसे घेतले, कंधारच्या भग्न मूर्तींची व तलावाची नीट राखण करविली, तर या दोन जिल्ह्यांचा असा इतिहास उभा राहील कीं ज्यास कोणत्याहि बिरुदाची गरज लागणार नाहीं. राजांनीं लट्टलूरचें नांव घेतलें कारण त्यांस त्या नगराचा मोठेपणा हवा होता. तो मोठेपणा त्या नगरास कोणीं दिला, कोणत्या पेठेनें, कोणत्या विणकरांनीं, कोणत्या शेतकऱ्यांनीं, हें शोधणें अद्याप राहिलें आहे; आणि तें काम सरहद्दीच्या दोन्हीं बाजूंच्या अभ्यासकांनीं एकत्र बसून केलें, तर अमोघवर्षाच्या दरबारास शोभेल असेंच तें होईल.